एकमेकांची वाट न अडवता

अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९५७ साली एका लग्नाची नोंद अडली. विवाहाच्या अर्जात वराचा व्यवसाय लिहिणे कायद्याने आवश्यक होते. वराने ‘प्रोग्रामर’ असे लिहिले. असा व्यवसायच अस्तित्वात नाही, या कारणाने नगरपालिकेने ते मान्य केले नाही. शेवटी ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ असे लिहून लग्न नोंदवले गेले.

हे वर म्हणजे एड्सगर डाइक्स्ट्रा. दोन ठिकाणांमधला सर्वात जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची रीत संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. त्यामुळे अनेकांना त्यांचे नाव तेवढ्यापुरते माहीत असते. पण त्यांच्या आयुष्यातली कित्येक वर्षे एका वेगळ्याच प्रश्नाने व्यापली होती. एकाच वेळी अनेक कामे सुरू आहेत, कुणाला कुणाचा वेग माहीत नाही, सगळ्यांवर नजर ठेवणारा मुकादमही नाही. अशा वेळी ही कामे एकमेकांत गोंधळ न घालता एकत्र कशी चालतील? आज बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातली यंत्रे हे सारे या प्रश्नाच्या उत्तरावर उभे आहे.

डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ आणि शिक्षक होते, तर आई गणितज्ञ होती. आईने या विषयात कधी नोकरी केली नाही, पण गणितातला नेमकेपणा आणि सुबकपणा मुलात उतरला तो तिच्याकडून. शाळा संपताना त्यांना कायदा शिकायचा होता आणि संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करायचे होते. पण गणित आणि विज्ञानातले गुण इतके चांगले होते की त्यांना त्याच वाटेला लावण्यात आले. लायडन विद्यापीठात ते सैद्धांतिक भौतिकशास्त्र शिकू लागले.

१९५१ मध्ये केंब्रिजला संगणकाच्या प्रोग्रामिंगचा तीन आठवड्यांचा वर्ग होणार असल्याची जाहिरात वडिलांच्या वाचनात आली आणि मुलगा तिकडे गेला. पुढल्याच वर्षी, मार्च १९५२ मध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात त्यांना अर्धवेळ नोकरी मिळाली. नेदरलँड्समधले ते पहिले प्रोग्रामर ठरले.

तीन वर्षे भौतिकशास्त्र आणि प्रोग्रामिंग अशा दोन होड्यांत पाय ठेवून झाल्यावर निवड करण्याची वेळ आली. भौतिकशास्त्राला प्रतिष्ठा होती, मागे शतकांची परंपरा होती. प्रोग्रामिंगला शास्त्र म्हणावे असे काहीच नव्हते. त्यांनी ही अडचण केंद्रातले वरिष्ठ आद्रियान फान वाइनगार्डन यांच्यापुढे मांडली. आज हे शास्त्र नाही हे त्यांनी मान्य केले. पण संगणक आता कायमचे आले आहेत, आणि या कामाला शास्त्राचा दर्जा मिळवून देणाऱ्यांपैकी तुम्ही एक का होऊ नये, असे त्यांनी सुचवले. डाइक्स्ट्रा त्या खोलीतून बाहेर पडले ते निर्णय घेऊनच.

त्या काळच्या कामाची पद्धतही त्यांना घडवणारी ठरली. केंद्रात नवा संगणक बांधला जात असतानाच डाइक्स्ट्रा त्याच्यासाठी प्रोग्राम लिहीत. यंत्र तयारच नसल्याने चालवून पाहण्याची सोय नव्हती. लिहिलेले बरोबर आहे की नाही, हे कागदावर विचार करूनच ठरवावे लागे. ही सवय आयुष्यभर टिकली. १९५६ मध्ये एका नव्या संगणकाच्या उद्घाटनासाठी सामान्य लोकांना समजेल असे काही दाखवायचे होते. होणाऱ्या पत्नीबरोबर, रिया देबेट्स यांच्याबरोबर, बाजारहाट करून दमल्यावर ते कॉफी प्यायला बसले आणि सुमारे वीस मिनिटांत जवळच्या मार्गाची ती प्रसिद्ध रीत त्यांच्या डोक्यात तयार झाली. हाताशी कागद-पेन्सिलही नव्हती. उद्घाटनात नेदरलँड्समधल्या ६४ शहरांच्या नकाशावर ती दाखवण्यात आली. आज इंटरनेटवरचे कित्येक राउटर आपली वाट हीच रीत वापरून ठरवतात.

पुढच्या यंत्राने मात्र त्यांची झोप उडवली. गणित केंद्रातले अभियंते ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टेन ‘एक्स-१’ नावाचा संगणक आखत होते. तोवर संगणक एका वेळी एकच काम करी. छपाईचे यंत्र किंवा फितीचे वाचक यंत्र संथ असेल, तर संगणक ताटकळत बसे. त्यावर दोघांनी तोडगा काढला. संगणकाने आपले गणित करत राहावे आणि छपाई यंत्राचे काम झाले की त्याने संगणकाला मध्येच टोकावे. याला ‘इंटरप्ट’ म्हणतात.

कल्पना उत्तम होती, पण डाइक्स्ट्रा हादरले. हे टोकणे नेमक्या कोणत्या क्षणी होईल ते कुणालाच सांगता येणार नव्हते. म्हणजे तोच प्रोग्राम, तीच माहिती, आणि तरी प्रत्येक वेळी घटनांचा क्रम वेगळा. चूक झालीच तर ती पुन्हा घडवून दाखवता येणार नाही, आणि जी चूक पुन्हा दिसत नाही ती शोधायची कशी? ते काही काळ अडूनच बसले. शेवटी तयार झाले आणि एक्स-१ च्या यंत्रणेसाठी त्यांनी लिहिलेला प्रोग्राम हाच १९५९ मध्ये त्यांच्या पीएचडीचा विषय झाला. पण ती भीती त्यांनी कधी झटकून टाकली नाही. पुढची सगळी संशोधने तिच्यातूनच आली.

या भीतीचे मूळ साध्या उदाहरणाने कळते. रेल्वेत एकच बर्थ शिल्लक आहे आणि दोन खिडक्यांवर दोन कारकून एकाच क्षणी तिच्याकडे पाहतात. दोघांनाही ती रिकामी दिसते, दोघेही तिकीट देतात. प्रत्येक कारकून आपापल्या जागी बरोबर वागला, तरी दोघांचे मिळून चुकले. संगणकात चालू असलेल्या कामाला ‘प्रोसेस’ किंवा प्रक्रिया म्हणतात. सामाईक वस्तूला एका वेळी एकाच प्रक्रियेने हात लावावा, एवढे जमले की ही चूक टळते.

बोलायला सोपे, करायला अवघड. ‘मी आत जातोय’ अशी खूण करून आत जावे म्हटले, तर दोघेही एकदमच खूण करतात. दुसऱ्याची खूण दिसली तर थांबावे म्हटले, तर दोघेही ‘आधी तुम्ही’ म्हणत कायमचे दाराशी उभे राहतात. दोन प्रक्रियांपुरते उत्तर डाइक्स्ट्रा यांचे सहकारी, गणितज्ञ डेकर यांनी शोधले. कितीही प्रक्रिया असल्या तरी लागू पडेल असे उत्तर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ मध्ये जेमतेम एका पानात प्रसिद्ध केले. त्यात वेगाबद्दल काहीही गृहीत धरलेले नव्हते. कुणी विजेसारखे चालो की गोगलगाईसारखे, नियम मोडत नाही. विकेंद्रित संगणनाच्या शास्त्राची सुरुवात अनेक जण या एका पानापासून मोजतात.

तोवर डाइक्स्ट्रा आइंडहोवनच्या तंत्र विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले होते. तिथे त्यांनी व्यवहारात वापरायला सोपे साधन दिले, ते म्हणजे सेमाफोर. हे नाव रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलवरून घेतलेले आहे. सेमाफोर म्हणजे एक आकडा. सामाईक वस्तू वापरायची असेल तर प्रक्रियेने तो एकाने कमी करायचा. आकडा शून्यावर असेल तर थांबायचे, तेही दारावर धडका मारत नव्हे, तर निवांत झोपून. वापर संपला की आकडा एकाने वाढवायचा, म्हणजे थांबलेल्यांपैकी एक जण जागा होतो. डच शब्दांवरून त्यांनी या दोन क्रियांना ‘पी’ आणि ‘व्ही’ अशी अक्षरे दिली. साठ वर्षांनंतरही जगभरची पाठ्यपुस्तके ही डच अक्षरे वापरतात.

सिग्नल पाळूनही कोंडी होऊ शकते, हेही त्यांनीच विद्यार्थ्यांपुढे ठेवले. परीक्षेतला त्यांचा प्रश्न पाच संगणक आणि पाच टेप यंत्रांचा होता. पुढे टोनी होअर यांनी त्याला जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचे रूप दिले. गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये एक काटा आहे. जेवायला दोन काटे लागतात. सगळ्यांनी एकाच वेळी डावीकडचा काटा उचलला, तर उजवा कुणालाच मिळत नाही. हातातला कुणी सोडत नाही आणि पाचही जण भरल्या ताटासमोर उपाशी राहतात. सगळे नियमाने वागत असताना सगळेच अडकतात, ही ‘डेडलॉक’ची गंमत आणि हाच त्याचा धोका.

या कल्पना कागदावर राहू नयेत म्हणून डाइक्स्ट्रा यांनी आइंडहोवनमध्ये मोजक्या सहकाऱ्यांबरोबर ‘एक्स-८’ संगणकासाठी एक यंत्रणा उभारली. आपापल्या गतीने चालणाऱ्या आणि सेमाफोरने जुळवलेल्या प्रक्रियांचे एकावर एक थर, अशी तिची रचना होती. प्रत्येक थर खालचा थर नीट आहे याची खात्री करून मगच चढवलेला. १९६८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा कोंडी न होणारी यंत्रणा आधी विचार करून बांधता येते, याचा तो पुरावा ठरला.

घरच्या विद्यापीठात मात्र त्याची किंमत झाली नाही. गणिताच्या विभागाला हे काम परके वाटले आणि त्यांचा गट मोडण्यात आला. पुढे काय करावे हेही सुचेना. त्याच सुमारास डाइक्स्ट्रा यांना नैराश्याने गाठले. या आजाराबद्दल पुढे त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांना सावरायला दोन गोष्टींनी मदत केली. एक, १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश येथे झालेली परिषद. सॉफ्टवेअर हाताबाहेर जात आहे, हे तिथे तज्ज्ञांनी प्रथमच उघडपणे कबूल केले. आपली चिंता एकट्याची नाही, हे त्यांना कळले. दुसरी गोष्ट म्हणजे लेखन. प्रोग्रामची रचना कशी असावी यावर त्यांनी लिहिलेली दीर्घ टिपणे पुढे जगभर गाजली. ती लिहिणे हे त्यांच्यासाठी औषधासारखे होते. १९७२ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

१९७३ पासून ते बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून बहुतांशी आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावातल्या आपल्या घरातूनच काम करू लागले. संगणक आता एका खोलीत मावणारे राहिले नव्हते, तारांनी जोडले जात होते. सामाईक सिग्नल लावायला सामाईक जागाच उरली नव्हती. शिवाय एखादे यंत्र मध्येच बिघडले, त्याची स्मृती पुसली गेली, तर? १९७४ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी अवघ्या दोन पानांत याचे उत्तर दिले.

समजा, सात यंत्रे गोलाकार जोडली आहेत. प्रत्येकाजवळ शून्य ते सहा यांपैकी एक आकडा आहे आणि प्रत्येकाला फक्त डावीकडच्या शेजाऱ्याचा आकडा दिसतो. सहा यंत्रांना एकच नियम आहे. शेजाऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा वेगळा असेल, तर पाळी आपली. काम करायचे आणि शेजाऱ्याचा आकडा उतरवून घ्यायचा. सातव्याचा नियम उलटा आहे. शेजाऱ्याचा आकडा आपल्याइतकाच असेल तर पाळी आपली. काम करायचे आणि आपला आकडा एकाने वाढवायचा, सहानंतर पुन्हा शून्य. सगळ्यांचे आकडे सारखे असताना सुरुवात केली, तर पाळी एका वेळी एकाकडेच राहते आणि वर्तुळात फिरत राहते.

खरी कमाल पुढे आहे. कुणीतरी येऊन सगळे आकडे विस्कटून टाकले, तर काही काळ एकाच वेळी अनेकांना आपली पाळी आहे असे वाटेल. पण इतर सहांजवळ जास्तीत जास्त सहाच वेगळे आकडे असू शकतात आणि आकडे आहेत सात. त्यामुळे सातवे यंत्र वाढत वाढत कधी ना कधी कुणाजवळच नसलेल्या आकड्यावर पोचते. तो आकडा एकेकाकडून उतरवला जात वर्तुळभर पसरतो आणि जुनी गडबड पुसत जातो. कुणी हुकूम दिला नाही, बिघाड झाला हे कुणाला कळलेही नाही, तरी समूह आपोआप वळणावर येतो. जखम भरून काढणाऱ्या शरीराशी याची तुलना करण्याचा मोह होतो. फरक एवढाच, की इथे बरे होण्याची खात्री गणिताने दिलेली आहे.

या दोन पानांकडे जवळपास नऊ वर्षे फारसे कुणी पाहिले नाही. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञाने एका परिषदेतल्या भाषणात त्यांचे महत्त्व सांगितले आणि मग या विषयावर अभ्यासाची रीघ लागली.

दरम्यान, १९८० मध्ये डाइक्स्ट्रा यांनी आणखी एक साधा भासणारा प्रश्न सोडवला. सोबतीला होते कारेल स्कोल्टेन, म्हणजे ज्यांच्या इंटरप्टने कधीकाळी त्यांची झोप उडवली होती तेच. एका प्रक्रियेने दुसरीला काम दिले, तिने तिसरीला, तिसरीने आणखी चौघींना. मग सगळे काम संपले हे पहिलीला कसे कळावे? एखादी प्रक्रिया रिकामी दिसते, पण तिच्यासाठीचा निरोप अजून वाटेत असू शकतो. दोघांचा उपाय पोचपावतीचा होता. प्रत्येक निरोपाची पोच द्यायची. पण ज्या निरोपाने आपण कामाला लागलो, त्याची पोच मात्र राखून ठेवायची. आपले काम संपले आणि आपण धाडलेल्या सगळ्या निरोपांच्या पोचा आल्या, की मगच ती द्यायची. घरातल्या थोरल्याने सगळे जेवले याची खात्री करून स्वयंपाकघर आवरावे, तसे. पहिलीला सगळ्या पोचा मिळाल्या आणि तिचे स्वतःचे काम उरले नाही, की सारे काम संपले.

१९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात गेले. तिथे त्याच विषयात मोलाची भर घालणारे दोन भारतीय सहकारी होते. आयआयटी मद्रासचे के. मणी चंडी आणि आयआयटी कानपूरचे जयदेव मिश्रा. या दोघांनी जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचा प्रश्न आणखी व्यापक करून सोडवला.

डाइक्स्ट्रा यांची जुनी भीती पोकळ नव्हती, हे याच काळात दिसून आले. थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा कर्करुग्णांना ठरलेल्या मात्रेपेक्षा कित्येक पट जास्त किरण बसले. त्यांतले काही दगावले. टेक्सासमधल्याच टायलर गावातल्या दोन घटनांचे कारण पुढे सापडले. यंत्र चालवणारी व्यक्ती सरावाने जलद झाली होती आणि पडद्यावरची नोंद काही सेकंदांत दुरुस्त करत होती. यंत्रातल्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची सामाईक माहिती तेवढ्यात जुळत नसे. हळू टाइप केले तर सारे ठीक. म्हणूनच चाचण्यांत ही चूक दिसली नव्हती आणि रुग्णांच्या तक्रारींवर आधी विश्वास बसला नाही. जुन्या यंत्रांतले सुरक्षेचे यांत्रिक अडसर या यंत्रात काढून टाकलेले होते. सारा भरवसा प्रोग्रामवर होता. पुन्हा घडवून दाखवता न येणारी चूक कशी जीव घेते, याचे हे उदाहरण आजही विद्यार्थ्यांना शिकवले जाते.

चाचणीने चूक असल्याचे कळते, नसल्याची खात्री मिळत नाही, हे डाइक्स्ट्रा यांचे आयुष्यभराचे सांगणे होते. ते सांगताना त्यांची जीभ धारदार असे. सहकाऱ्यांच्या कामावर ते निर्दयपणे टीका करत, अख्ख्या विद्याशाखांना मोडीत काढत. त्यामुळे अनेक जण दुखावले आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायला उशीर लागला, हेही खरे. प्रत्येक प्रोग्राम गणिताने सिद्ध करावा ही त्यांची अपेक्षा उद्योगजगताने पूर्ण केली नाही. पण जिथे हजारो यंत्रे एकत्र राबतात, तिथल्या रचना आधी गणिताने तपासण्याची पद्धत आता अ‍ॅमेझॉनसारख्या कंपन्यांनीही स्वीकारली आहे.

स्वतः त्यांनी संगणकाशी अंतरच राखले. फाउंटन पेनने सुंदर अक्षरात टिपणे लिहायची, झेरॉक्स काढायची आणि ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवायची. ते आणखी पुढे पाठवत. नावाची आद्याक्षरे आणि क्रमांक घातलेली अशी तेराशेहून अधिक टिपणे मागे राहिली आहेत. घरी दूरचित्रवाणी संच नव्हता, पियानो होता. सुट्टीत रिया यांच्याबरोबर ते फिरत्या घरासारख्या गाडीतून भटकत. तिला त्यांनी ट्युरिंग यांच्या नावावर कोटी करून ‘टूरिंग मशीन’ म्हटले होते.

१९९९ मध्ये ते निवृत्त झाले. कर्करोगाचे निदान झाल्यावर २००२ च्या सुरुवातीला ते न्यूनेनच्या घरी परतले. त्याच उन्हाळ्यात विकेंद्रित संगणनाच्या परिषदेने १९७४ च्या त्या दोन पानांना आपला मानाचा पुरस्कार दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ६ ऑगस्ट २००२ रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी डाइक्स्ट्रा यांचे निधन झाले. पुढच्या वर्षापासून तो पुरस्कार त्यांच्याच नावाने दिला जातो.

लग्नाच्या नोंदीत ज्या व्यवसायाला जागा नव्हती, तो आज जगभर कोट्यवधी लोक करतात. त्यांनी लिहिलेल्या असंख्य प्रक्रिया रात्रंदिवस एकमेकींना न पाहता एकत्र काम करतात आणि बहुतेक वेळा आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तो लागत नाही, यातच या माणसाच्या कामाचे यश आहे.